परसातले पटिंग ग्रीन

गोल्फचे नाव काढले की आपल्याकडे माणसे हमखास दोन गोष्टी बोलतात. एक, हा साहेबांचा खेळ. आणि दुसरी, त्याला गावाएवढे मैदान लागते. दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ साली इंग्रजांनीच काढला, आणि ब्रिटिश बेटांबाहेरचा तो सर्वांत जुना क्लब समजला जातो. मैदानाचे म्हणाल, तर अठरा भोकांच्या मैदानाला शंभर-दीडशे एकर जमीन सहज लागते. पण या खेळाचा निम्मा भाग असा आहे, की तो आपल्या घरामागच्या परसात, सात-आठ पावलांच्या जागेत खेळता येतो. तो कसा, आणि त्यासाठी जमिनीची तयारी कशी करावी लागते, हे मला आज सांगायचे आहे. सांगण्याचा अधिकार एवढाच, की हे काम मी दोनदा केले आहे. पहिल्यांदा फसलो म्हणून दुसऱ्यांदा करावे लागले.

आधी खेळाविषयी थोडेसे. लांबचा टोला मारून चेंडू भोकाच्या जवळ आणला, की शेवटचे काही फूट तो उडवायचा नसतो, जमिनीवरून घरंगळत न्यायचा असतो. या हलक्या टोल्याला 'पट' म्हणतात, आणि भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीला 'ग्रीन'. भोकाचा व्यास १०८ मिलिमीटर, म्हणजे सव्वाचार इंच. १८९१ सालापासून तो तेवढाच ठरलेला आहे. चेंडू पावणेदोन इंचांहून जरासा कमी. आता हिशेब पाहा. बहात्तर टोल्यांत मैदान संपवावे अशी अपेक्षा असते, आणि त्यांत दर भोकाला दोन 'पट' धरलेले असतात. अठरा दुणे छत्तीस. म्हणजे बरोबर निम्मे! आणि हे काम दिसते तितके सोपे नाही. अमेरिकेतले कसलेले व्यावसायिक खेळाडूदेखील आठ फुटांवरून मारलेल्या चेंडूंपैकी निम्मेच भोकात घालतात. तेव्हा ज्याला खेळ सुधारायचा आहे, त्याला रोज पन्नास-साठ चेंडू मारायला घराजवळ जागा असणे फार मोलाचे.

आता आपण विचाराल, मग खरे गवतच का नाही लावत? प्रश्न रास्त आहे. आणि गंमत अशी, की त्यासाठी लागणारे गवत आपल्या ओळखीचे आहे. उष्ण प्रदेशांतल्या गोल्फच्या हिरवळी ज्या गवताच्या असतात, ते बहुधा आपल्या हरळीचेच वाण असते. गणपतीला आपण ज्या दूर्वा वाहतो, त्यांचेच ते बुटके, संकरित भाऊबंद. हरळी कुठेही येते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. तिच्यापायी त्याचा जीव मेटाकुटीला आलेला असतो. पण ग्रीनवरची हरळी तीन-चार मिलिमीटर उंचीवर ठेवावी लागते. त्याला खास पात्यांचे यंत्र लागते, ते जवळजवळ रोज फिरवावे लागते, वर वाळूचा हात द्यावा लागतो, आणि पावसाळ्यात बुरशीवर औषध मारावे लागते. एका घराला हे झेपत नाही. म्हणून प्लास्टिकचे गवत.

हे कृत्रिम गवत अमेरिकेत निघाले. १९६४ साली प्रॉव्हिडन्स गावातल्या एका शाळेत ते प्रथम मोठ्या प्रमाणावर अंथरले गेले. पुढे ह्यूस्टन शहरात छप्पर असलेले एक प्रचंड क्रीडागृह बांधले होते. त्याच्या छपराच्या पारदर्शक काचांची तिरीप खेळाडूंच्या डोळ्यांवर येऊ लागली, म्हणून काचा रंगवल्या, आणि ऊन न मिळाल्यामुळे आतले गवत मेले. १९६६ साली तिथे हे नवे गवत घातले, आणि त्या क्रीडागृहावरूनच त्याला 'ॲस्ट्रोटर्फ' हे नाव पडले. आपल्याला त्याची खरी ओळख झाली ती मात्र कडू. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम गवतावर खेळली गेली, आणि मातीच्या मैदानात वाढलेला आपला संघ सातवा आला. घराच्या आवारात गोल्फची हिरवळ करण्याची चाल अमेरिकेच्या कोरड्या भागांत, ॲरिझोना-नेव्हाडाकडे, चांगलीच रुजलेली आहे. तिकडे पाण्याचा तुटवडा इतका, की नेव्हाडा राज्याने २०२१ साली कायदा करून लास व्हेगस भागातली नुसती शोभेची हिरवळ काढून टाकायचे ठरवले. तिकडची पुस्तके आणि माहितीपत्रके वाचूनच मी या नादी लागलो. पण त्यांत आपली काळी माती नाही आणि आपला पावसाळाही नाही, हे माझ्या लक्षात आले नाही.

आमचे घर पुण्याच्या पूर्वेला, सोलापूर रस्त्याच्या अंगाला. परसातली माती काळीभोर. एका कंत्राटदाराला काम दिले. त्याचे नाव-गाव सांगण्यात अर्थ नाही. त्याने माहितीपत्रकात होते तसेच केले. चार इंच माती खरवडली, खडी टाकली, वर कच पसरून रोलर फिरवला, आणि दोन पट्टे जोडून गालिचा अंथरला. तीन दिवसांत हिरवेगार! माझी आई तेव्हा पंच्याऐंशी वर्षांची. ती काठी टेकत आली, पायाने दाबून बघितले आणि म्हणाली, "छान दिसतंय रे. पण पावसाळा जाऊ दे, मग बोल."

पावसाळा गेलाच नाही, तोवरच कळले. गणपती बसायच्या आत जमीन मधोमध फुगली. भोकाचा प्याला वर सरकून त्याची कड गवताच्या वर डोकावू लागली. जोडाची शिवण उसवली. आणि पुढच्या एप्रिलात उलटेच! जिथे फुगले होते तिथे खड्डा. चेंडू कुठूनही मारा, तो भिंतीकडेच जायचा. गालिचा उचलून पाहिले, तर खडीच्या खाली हात जाईल एवढ्या भेगा. आई म्हणाली, "अरे, या मातीवर तुझ्या आजोबांनी गोठासुद्धा मुरूम टाकल्याशिवाय बांधला नव्हता."

काळ्या मातीचे असे का होते, ते समजून घेतले पाहिजे. दख्खनच्या काळ्या फत्तराची झीज होऊन ही माती बनली. तिच्यातल्या चिकणमातीचे कण अतिशय पातळ पापुद्र्यांचे असतात. पाऊस पडला की पाणी पापुद्र्यांच्या मध्ये शिरते आणि माती फुगते. उन्हाळ्यात ते निघून जाते आणि माती आकसून तडकते. कपाशीला ही गोष्ट मानवते. मैदानाला ती अजिबात मानवत नाही. चार खोल्यांचे घर आपल्या वजनाने तिला थोडेफार दाबून तरी धरते. चार इंच खडी आणि एक गालिचा यांचे तिला काय ओझे? आणि पटिंग ग्रीनचे दुखणे असे, की बसायच्या अंगणात इंचभर उंचसखल झाले तर कुणाला कळतही नाही, पण इथे चमचाभर खोलगट भाग झाला तरी चेंडू वळतो.

म्हणून दुसऱ्या खेपेला खर्चाचा आणि मेहनतीचा मोठा भाग मी जमिनीखाली घातला. गालिचा हे शेवटच्या दोन दिवसांचे काम.

जागा किती घ्यायची, यावरून घरात थोडी चकमक झाली. पहिल्या वेळी मी सगळे परस झाकले होते. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, या वेळी माझा मोगरा, तुळस आणि कडुनिंब सोडून काय उरेल ते तुमचं." उरले ते २० फूट लांब आणि १२ फूट रुंद. ते पुरते, हे मला आता मान्य आहे. शिवाय दोन फायदे झाले. गालिचा ४ मीटर रुंदीच्या गुंडाळ्यात मिळतो, त्यामुळे १२ फुटांत जोड द्यावा लागला नाही. आणि कडुनिंबाच्या मुळांपासून दूर राहता आले. झाडाच्या फांद्या जिथवर पसरल्या असतील तिथवर खणूच नये. मुळे तुटली तर झाड जाते, आणि मुळे राहिली तर ती पुढे पाया उचलतात.

जागेची आखणी फक्कीने करावी. कोपरे गोलसर ठेवले तर दिसायला बरे दिसते. मग खणायचे. आमच्याकडे गवंडीकाकांनी पहारेने चार ठिकाणी ठोकून पाहिले आणि म्हणाले, "साहेब, दोन फूट काढा. खाली मुरूम लागतोय." दोन फूट खणले म्हणजे २४० चौरस फुटांतून ४८० घनफूट माती निघाली. म्हणजे जमिनीतली पावणेपाच ब्रास. बाहेर काढल्यावर ती सैल होऊन सहा ब्रासच्या घरात जाते. ती कुठे टाकायची, हे खणायच्या आधी ठरवावे. आम्ही ती ओळखीच्या एका शेतकऱ्याला दिली, आणि त्याने आनंदाने नेली.

दोन फुटांवर मुरूम लागणे हे आमचे नशीब. कुठे कुठे काळी पाच-सहा फुटांपर्यंत जाते. तिथे सगळी काढणे परवडत नाही. मग दोन-अडीच फूट काढावी आणि बाजूंनी पाणी आत येणार नाही याची काळजी दुप्पट घ्यावी: छपराची पन्हळ दूर वळवावी, बागेला सोडलेले पाणी त्या अंगाला जाऊ देऊ नये. माती एकसारखी ओली किंवा एकसारखी कोरडी राहिली तर हलत नाही; हलते ती एकदा ओली, एकदा कोरडी झाल्याने. कोकणातल्या वाचकांना ही काळजी नाही. जांभ्याची तांबडी माती अशी फुगत नाही. पण तिकडच्या पावसाला निचऱ्याची नळी मात्र मोठी घालावी लागेल.

खड्ड्याच्या तळाला आणि बाजूंना न विणलेले, नमद्यासारखे जाड कापड अंथरावे. रस्त्यांच्या कामाचे सामान विकणाऱ्यांकडे ते मिळते. त्यातून पाणी जाते, पण माती वर येत नाही. त्यावर दीड फूट मुरूम; तो एकदम टाकायचा नाही, तर चार-चार, सहा-सहा इंचांच्या थरांनी, आणि प्रत्येक थर ठोकून. धुम्मस हाताने मारली तरी चालते, पण भाड्याने यंत्र मिळाले तर घ्यावे. हाताचे श्रम कंटाळल्यावर खोटे पडतात. मुरमाला पाणी किती मारावे? मुठीत दाबला तर लाडू वळावा आणि पाणी मात्र बोटांतून निघू नये, इतके. कोरडा मुरूम बसत नाही आणि चिखल झालेला मुरूम नुसता हलतो. थर बसला की नाही हे पाहायला पहारेचे टोक आपटावे. खण्ण असा आवाज आला पाहिजे. भद्द आवाज आला तर पुन्हा ठोकायचे.

मुरमावर चार इंच बारीक-मोठी मिसळलेली खडी, तीही दोन थरांत ठोकून, आणि तिच्यावर दीड इंच कच. याच वेळी उताराच्या बाजूच्या कडेला भोके पाडलेली प्लास्टिकची नळी त्याच नमद्यात गुंडाळून पुरावी आणि तिचे तोंड मोरीकडे नेऊन सोडावे. भोकांचे प्यालेही आताच बसवायचे. २० बाय १२ च्या जागेत तीन पुष्कळ झाले. प्याल्याला बूड नको. खाली फूटभर खड्डा करून त्यात गोटे भरावेत, म्हणजे पाणी साचत नाही. प्याल्याची कड कचेच्या पृष्ठभागाहून इंचभर खाली राहिली पाहिजे. वर राहिली तर काय होते ते मी भोगले आहे.

उताराविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण इथेच हौशी माणूस चुकतो. जमीन अगदी सपाट केली तर पाणी तुंबते आणि सरावही कंटाळवाणा होतो. भरपूर उंचवटे केले तर चेंडू भोकाजवळ थांबतच नाही आणि सराव निरुपयोगी ठरतो. पाणी जाण्यासाठी शंभराला दीड पुरेसा आहे. २० फुटांत साडेतीन इंच. त्यावर एखादा अलगद उंचवटा करावा. पण भोकाभोवतीच्या तीन फुटांत शंभराला तीनपेक्षा जास्त उतार नको. गवंड्याची पाण्याची नळी आणि आठ फुटांची ॲल्युमिनियमची पट्टी एवढ्यावर हे काम होते. पट्टी चारी बाजूंनी फिरवावी. मग बादली-बादली पाणी ओतून पाहावे. जिथे डबके राहील तिथे फक्की टाकून खूण करावी, वाळल्यावर चिमूट-चिमूट कच घालावी, पुन्हा ठोकावे, पुन्हा पाणी ओतावे. मी हे चार दिवस केले. गवंडीकाका हसले, पण थांबले.

यानंतर जे केले ते कुठल्याही माहितीपत्रकात नव्हते. डिसेंबरात खणले, जानेवारीत कच बसली, आणि मग गालिचा न घालता तसेच ठेवले. एक अख्खा पावसाळा! शेजारचे काका कुंपणावरून विचारायचे, "काय हो, काम थांबलं का? पैसे संपले?" दसऱ्याला पाहिले, तर एक कोपरा पाऊण इंच बसला होता. गालिचाखाली हे झाले असते तर सगळे उचलावे लागले असते. आता दोन घमेली कच पुरली.

गालिचा दोन जातींचा मिळतो. एक नायलॉनचा, आखूड दाट लवेचा, त्यात वाळू घालावी लागत नाही. दुसरा जरा लांब लवेचा, अर्धा-पाऊण इंच, त्यात वाळू भरून चेंडूचा वेग आपल्याला हवा तसा करता येतो. मी दुसरा घेतला. काम सोपे, पण घाईचे नाही. सकाळी उलगडून उन्हात चार-पाच तास पडू द्यावा, म्हणजे गुंडाळीच्या सुरकुत्या जातात. लव एका दिशेला कललेली असते; तिच्या बाजूने चेंडू जास्त पळतो, उलट कमी. ही दिशा आपल्याला कळली पाहिजे आणि शक्यतो ती घराकडून दूर कललेली नसावी, नाहीतर खिडकीतून रंग फिका दिसतो. कडेला विटांची ओळ बसवून तिच्या आत सहा इंची जस्ताचे खिळे वीतभर अंतराने ठोकावेत. मधल्या भागात खिळा नको. प्याल्यावर मध्यभागी फुलीसारखा छेद द्यावा आणि मग वाकड्या कात्रीने हळूहळू गोल करावा. एकदम गोल कापायला जाल तर भोक मोठे होते, आणि ते काही लहान करता येत नाही!

वाळू घ्यायची ती धुतलेली, कोरडी, गोल दाण्याची, काचेच्या कारखान्यांना लागते तशी. नदीच्या वाळूतली माती पावसात चिखल होऊन बसते आणि तिच्यात हरळी उगवते. चौरस फुटाला सुमारे दीड किलो, म्हणजे माझ्या जागेला साडेतीनशे किलोच्या वर लागली. ती पातळ-पातळ पसरून ताठ केसांच्या झाडूने लवेच्या उलट दिशेने घासून आत उतरवायची. खराटा वापरू नये, लव फाटते. रबराचे दाणे कुणी सुचवले तर घेऊ नका. ते वाऱ्यापावसाने नाल्यात जातात. युरोपीय संघाने २०२३ साली नियम करून मैदानांतले असे दाणे आठ वर्षांत बंद करायचे ठरवले आहे.

चेंडूचा वेग मोजण्याची एक सोपी युक्ती आहे. एडवर्ड स्टिम्पसन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९३५ साली ती काढली. तीन फुटांची खोलगट पन्हळ घ्यायची, तिच्यात टोकापासून ३० इंचांवर खाच करायची, खाचेत चेंडू ठेवून पन्हळ हळूहळू उचलायची. चेंडू आपोआप सुटतो आणि दर वेळी सारख्याच वेगाने जमिनीवर येतो. तो किती फूट गेला, तो हिरवळीचा वेग. तीनदा इकडून, तीनदा तिकडून मोजून सरासरी काढावी. चांगल्या मैदानात आठ ते दहा फूट भरतात, मोठ्या स्पर्धांत बारा-तेरा. घरी नऊ-दहा असावा. कमी भरला तर थोडी वाळू वाढवून रोलर फिरवावा. फार जास्त भरला तर लव झाडूने उभी करावी.

आता गैरसोयी न सांगणे बरोबर नाही. हे प्लास्टिक आहे. एप्रिल-मेच्या दुपारी ते इतके तापते की अनवाणी पाय ठेववत नाही. पाणी शिंपडले तर थोडा वेळ थंड होते आणि पुन्हा तापते. सकाळी नऊच्या आत किंवा सूर्य कलल्यावरच खेळावे, आणि नातवंडांना चपला घातल्याशिवाय सोडू नये. दहा-पंधरा वर्षांनी ते झिजते, आणि मग त्याचे काय करायचे याला आज चांगले उत्तर नाही. गांडूळ नाही, फुलपाखरू नाही. सगळे परस झाकले असते तर आमच्या घराजवळची सगळी जमीन मुकी झाली असती, हे मला पहिल्या खेपेलाच कळायला हवे होते.

निगा फारशी नाही. कडुनिंबाचा पाला आठवड्याला झाडावा, नाहीतर तो कुजून वाळूत बसतो. लव महिन्यातून एकदा उलटी घासावी. पहिल्या दोन-तीन महिन्यांत वाळू खाली बसते, तेव्हा एखादे पोते शिल्लक ठेवावे. भोकांना झाकणे करून घ्यावीत, रात्री कुणाचा पाय अडकू नये. आणि पावसाळ्यात सकाळी झाकण काढल्यावर चेंडू मारण्याआधी आत वाकून पाहावे. गोट्यांतला ओलावा बेडकांना फार आवडतो, आणि आमच्या मधल्या भोकात जूनपासून एक मुक्कामालाच असतो.